शेवटच्या वाक्याचा रकाना

रविवार, ६ ऑगस्ट

आज सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मुलीशी बोलता बोलता फोन पुन्हा तुटला. जूनपासून हे असेच चालू आहे.

आमचा परिपाठ ठरलेला आहे. बुधवारी आणि रविवारी सहाच्या ठोक्याला मी तिला फोन लावतो. आधी तिच्या कामाचे बोलणे होते, मग तिच्या आईसाठी निरोप, आणि शेवटी ती फोन जावयाच्या हाती देते. हा शेवटचा भाग मला सर्वांत प्रिय. जावई नाटकांची प्रकाशयोजना करतो. अंधार ही स्वतंत्र वस्तू आहे की तो केवळ प्रकाशाचा अभाव आहे, यावर आमचा वाद गेली तीन वर्षे रंगलेला आहे. त्याचे म्हणणे, "मी तो रोज रंगमंचावर मांडतो, बाबा. रोज मांडावी लागणारी गोष्ट नुसता अभाव कशी असेल?" मी त्याला प्रतिवादी म्हणतो. फेब्रुवारीपासून आमचे बोलणे झालेले नाही. आधी तो दौऱ्यावर असे, मग अंघोळीला गेलेला असे, आणि आता तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच फोन तुटतो.

आठवड्यातली ही दोन संभाषणे वगळली, तर मला बोलायला फारसे कोणी उरलेले नाही. पत्नीच्या मते त्याचा दोष समाजाकडे जात नाही.

अडतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने एका यंत्रापुढे हात टेकावेत हे बरे नव्हे. बिघाड आहे म्हणजे त्याला कारण आहे, आणि कारण असेल तर ते शोधता येते. ही वही त्यासाठी आहे.

बुधवार, ९ ऑगस्ट

सकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. सव्वीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, मोबाइल एकदा बंद करून चालू केलात का?"

"केला. तीन वेळा."

"सिम काढून, पुसून परत घातलंत?"

"घातलं."

"सेटिंग रीसेट केलंत?"

"काल. त्यात घरातल्या वाय-फायचा पासवर्डही गेला."

"ओके सर. मग एकदा मोबाइल बंद करून चालू करून बघा."

मी तिला सांगितले, की जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या युक्तिवादात चक्रक नावाचा दोष असतो. ती म्हणाली, "हो सर, तो दोष पण तक्रारीत टाकते."

तिने एक सूचना मात्र चांगली केली: तुटलेल्या प्रत्येक कॉलची नोंद ठेवा. मी तक्ता आखला आहे. तारीख, वेळ, अवधी, बोलण्याची जागा, हवामान. सहावा रकाना माझा स्वतःचा: तुटण्यापूर्वीचे शेवटचे वाक्य. 'सिग्नल क्षीण असल्याने आवाज जात असेल' अशी पळवाट कंपनी काढणार हे उघड आहे. अखेरच्या शब्दापर्यंत आवाज स्वच्छ होता हे या रकान्याने सिद्ध होईल.

पहिली नोंद आजच झाली. सायंकाळी सहा, अकरा मिनिटे, दिवाणखान्याची खिडकी, निरभ्र. शेवटचे वाक्य (माझे): "बरं, आता प्रतिवादीला दे जरा."

पुन्हा लावला तर उचलला गेला नाही. थोड्या वेळाने तिचा संदेश आला: 'नेटवर्क गेलं बाबा. रविवारी बोलू.'

बुधवार, १६ ऑगस्ट

कंपनीच्या दुकानात जाऊन सिमकार्ड बदलून आणले. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत आहे. तक्ता उलटसुलट करून तिने पाहिला आणि म्हणाली, "सर, इतकं नीटनेटकं तर आमच्या साहेबांनाही लिहिता येत नाही." मग, "हवामान कशाला घातलंत पण?"

"कारण असू शकणारी कोणतीही गोष्ट तपासाआधीच वगळायची नसते."

"बापरे," ती म्हणाली, आणि नव्या कार्डाचे पाकीट फोडले.

संध्याकाळी नव्या कार्डावर तेरा मिनिटे. शेवटचे वाक्य (माझे): "तो आला का दौऱ्यावरून?" मग शांतता.

रविवार, २० ऑगस्ट

एक महत्त्वाची बाब माझ्या नजरेतून सुटली होती. पत्नीचे मुलीशी होणारे कॉल तुटत नाहीत. घर तेच, कंपनी तीच, दोन्ही नंबर माझ्याच नावावर. ती दुपारी बाल्कनीत जाते, दार लोटून घेते आणि चाळीस-चाळीस मिनिटे बोलते. म्हणजे दोष माझ्या यंत्रात. तपासण्याचा मार्ग सरळ होता: तिच्या फोनवरून मी बोलायचे.

"माझा फोन कशाला?" ती म्हणाली.

"प्रयोगासाठी."

"तिला आधी सांगा तरी, तुम्ही बोलताय म्हणून."

सांगितले असते तर परिस्थिती बदलली असती. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी नंबर लावला. "बोल गं आई," मुलगी म्हणाली. मी बोललो तेव्हा तिचा आवाज पायरीभर खाली उतरला, हेही लिहून ठेवतो. कदाचित ध्वनिवहनाचा काही प्रश्न असेल.

नऊ मिनिटे. शेवटचे वाक्य (माझे): "तो घरी आहे ना? अंधाराबद्दल एक नवा मुद्दा सापडलाय, ऐकून चकित होईल."

तुटला. पत्नीच्या फोनवर!

यंत्र बदलले, कार्ड बदलले, नंबर बदलला, जागा बदलली. न बदललेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मी. माझा गाल पडद्यावरच्या लाल बटणाला लागत असावा. उद्या फोन उभा ठेवण्याचा स्टँड आणतो.

पत्नी म्हणाली, "अहो, फोनचं जाऊ द्या. तिला कधी विचारता का, कशी आहेस म्हणून?"

"दर वेळी. माझं पहिलं वाक्यच ते असतं."

"हो, हजेरी घेतल्यासारखं."

रविवार, २७ ऑगस्ट

स्टँडचा उपयोग झाला नाही. बुधवारी बारा मिनिटे, आज दहा.

तक्रारीसाठी कोरे कागद शोधताना कपाटातली जुनी फाइल हाती आली. नऊ वर्षांपूर्वी मुलीने लग्नाचे सांगितले तेव्हा मी तिला लेखी उत्तर दिले होते: अकरा आक्षेप, प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद. तिने ते वाचले आणि पुढच्याच महिन्यात लग्न केले. फाइलमध्ये त्याची प्रत आहे. तिच्याखाली दुसऱ्या पत्राची प्रत आहे, पाच वर्षांपूर्वीची. तोवर मी त्या दोघांच्या घरी दोनदा राहून आलो होतो. जेवणानंतर भांडी घासता घासता तो मुलगा माझ्याशी वाद घालत असे, आणि हरला तर मोकळेपणाने हसत असे. परत येऊन मी तिला लिहिले: 'मी माझे अकराही आक्षेप बिनशर्त मागे घेत आहे.' आयुष्यात मी मागे घेतलेला तो एकमेव युक्तिवाद. मुलीने ते पत्र चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावले आहे. तो प्रत्येक पाहुण्याला ते दाखवतो म्हणे.

फाइल पुन्हा जागेवर ठेवली.

शनिवार, २ सप्टेंबर

सात पानी तक्रार तयार केली होती. शेवटचे पान लिहीत असतानाच कंपनीचा संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. आपण समाधानी असाल अशी आशा करतो.'

मी तो तीनदा वाचला. ज्याची दखलच घेतली नाही, त्याचे निराकरण! पत्नीला वाचून दाखवले. तिला हसू आवरेना. ते पाहून मला अधिकच धक्का बसला.

सातही पाने आणि तक्त्याची प्रत कंपनीच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे रवाना केली.

रविवार, १० सप्टेंबर

घसा पूर्ण बसला आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. तरी परिपाठ मोडायचा नाही म्हणून सहा वाजता फोन लावला आणि खरखरत्या आवाजात कसेबसे सांगितले, की तू बोल, मी ऐकतो.

कॉल चौतीस मिनिटे चालला. तुटला नाही!

आधी ती गोंधळली. मग बोलत गेली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो पाना आणून तिने स्वतःच बसवला. जेवणाचे मोठे टेबल विकून टाकले, उगीच जागा अडवत होते. दाराचे कुलूप बदलले. एक छोटे पातेले घेतले, "एवढंसं, बाबा, खेळण्यातलं वाटावं असं." रविवारी सकाळी एकटीच लांब चालायला जाते, एका बाकावर बसून पेपर वाचते आणि परत येते. मी मध्ये मध्ये हुंकार देत होतो. शेवटी म्हणाली, "आज किती छान बोललात, बाबा." मी सात-आठ शब्दांपलीकडे बोललोच नव्हतो.

तक्त्यात नोंद: चौतीस मिनिटे, अखंड. हवामान निरभ्र, वारा नाही. शेवटच्या वाक्याच्या रकान्यात आडवी रेघ. वाऱ्याचा आणि तुटण्याचा संबंध तपासायला हवा. टॉवरची दिशा हलत असेल काय?

बुधवार, २० सप्टेंबर

वरिष्ठ अधिकाऱ्याचे उत्तर आले: मंगळवारी अभियंता घरी येऊन तपासणी करील. सात पाने वाया गेली नाहीत.

संध्याकाळी, घसा बरा. आठ मिनिटे. वारा नव्हता, तरी तुटला. शेवटचे वाक्य (माझे): "त्याला सांग, टाळतोयस म्हणजे हरलास."

मंगळवार, २६ सप्टेंबर

जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर आज लिहिता येणार नाही.

अभियंता अकरा वाजता आला. पन्नाशीचा, मोजकेच बोलणारा. हातात सिग्नल मोजायचे यंत्र घेऊन तो प्रत्येक खोलीत उभा राहिला, बाल्कनीत गेला, स्वयंपाकघरात फळीपर्यंत हात उंचावून पाहिले. मग बैठकीत येऊन बसला.

"सर, तुमच्या घरात सिग्नल इतका चांगला आहे, की माझ्या घरी असता तर बायको खूश झाली असती."

"मग कॉल का तुटतात?"

त्याने पिशवीतून कागद काढला. "हे तुमच्या दोन्ही नंबरांचं रेकॉर्ड. तुमच्या नावावरचं आहे म्हणून दाखवतो. कॉल संपला की तो कसा संपला ते यात उमटतं. सिग्नल गेला तर वेगळी खूण येते. कुणी बटण दाबून बंद केला तर वेगळी. आणि कुठल्या बाजूनं, तेही."

त्याचे बोट रेघेरेघेने खाली सरकत गेले. माझ्या तक्त्यातले तुटलेले कॉल तेरा. तेरापैकी तेरा, पलीकडच्या बाजूने, बटण दाबून.

"तिचं यंत्र सदोष असेल," मी म्हणालो.

"मग मॅडमचे कॉलही तुटले असते."

"बोट चुकून लागत असेल."

"तेरा वेळा, सर?"

त्याने माझा तक्ता समोर ओढला, बराच वेळ पाहिला, आणि आवाज खाली आणून विचारले, "सर, हा शेवटच्या वाक्याचा रकाना लिहिलात. नंतर कधी वाचलात का?"

"मीच लिहिला आहे तो."

"ते दिसतंय. वाचलात का?"

मी तो वरून खाली वाचला. प्रतिवादीला दे जरा. तो आला का दौऱ्यावरून. तो घरी आहे ना. त्याला फोन दे. तो कुठे आहे. त्याला सांग. तेरा ओळी, सगळी वाक्ये माझी, आणि प्रत्येकात तोच एक माणूस. मध्ये एकच आडवी रेघ, ज्या दिवशी माझा घसा बसला होता. त्या दिवशी कॉल तुटला नव्हता.

जिथे त्याचा उल्लेख आहे तिथे तुटणे आहे; जिथे उल्लेख नाही तिथे तुटणे नाही. कारण शोधण्याची ही रीत मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवत असे. हा तक्ता एखाद्या विद्यार्थ्याने आणला असता तर मी दोन मिनिटांत निष्कर्ष काढून दाखवला असता.

अभियंत्याने सामान आवरले. अर्धा पेला पाणी प्यायला. दाराशी म्हणाला, "माझं काम टॉवरचं, सर. तक्रार चालू ठेवायची की बंद करायची, ते तुम्ही कळवा."

पत्नी आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळे ऐकले असणार.

"तो कुठे आहे?" मी विचारले.

तिने टॉवेलची घडी पुरी केली. "गेला."

"कधी?"

"फेब्रुवारीत. पुढच्या गावी काम होतं, तिकडे गेला तो आलाच नाही. मग एकदा दिव्यांच्या पेट्या न्यायला आला. तेवढाच."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मार्चपासून."

"सात महिने! माझ्या घरात, माझ्यासमोर, सात महिने—"

"ओरडू नका. कपडे खाली पडतील." खुर्चीच्या पाठीवरचा ढीग खरोखरच घसरत होता. तो तिने सावरला. "तिनं शपथ घातली होती मला. म्हणाली, बाबांना कळलं की पहिल्यांदा काय करतील माहिती आहे, कपाटातली फाइल काढतील."

"मी असं केलं असतं, असं तुम्हा दोघींना वाटतं?"

"कॉलेजातली पोरं तुम्हाला पुरावे सर म्हणायची ना हो? उगीच नाही म्हणायची."

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. पंखा फिरत होता. मला तो दिसत होता, पण त्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

बुधवार, २७ सप्टेंबर

सहा वाजले. फोन लावला नाही. अनेक वर्षांत पहिल्यांदा.

सव्वासहाला मुलीचा संदेश आला: 'बाबा, बरे आहात ना?' उत्तर पत्नीने दिले.

गुरुवार, २८ सप्टेंबर

आज मी कपाटातली फाइल काढली.

तिने सांगितले होते तसेच केले. फरक एवढाच, की दोन दिवस उशिरा.

आक्षेप नववा: 'या व्यक्तीच्या उपजीविकेचे स्वरूपच असे आहे, की ती सतत पुढच्या गावाला निघालेली असते. अशी व्यक्ती एके दिवशी परत येणार नाही, असे मानण्यास सबळ आधार आहे.'

ही वही मी खरे लिहिण्यासाठी ठेवली आहे, म्हणून लिहितो. ते वाक्य वाचताना अर्धा क्षण, फार तर एक क्षण, मला बरे वाटले. बरोबर उत्तराखाली खूण करताना वाटते, तसे.

मग मी पाहिले की माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

पुढे लिहवत नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

मुलीने काय लपवले, याचा मी चार दिवस विचार केला. आज जाणवले, की तिने माझ्यापासून काही लपवले नाही. माझा तो अर्धा क्षण स्वतःपासून दूर ठेवला. तो क्षण येणार हे तिला ठाऊक होते. मला नव्हते.

सात महिने एक माणूस त्या घरात नव्हता. मोठे टेबल गेले, कुलूप बदलले, पातेले लहान झाले, हे तिने एकेक करून सांगितले आणि मी वाऱ्याची दिशा लिहीत होतो.

दुपारी कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवर तीच मुलगी.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"झालं का काम, सर? छान! कारण निवडावं लागेल." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "समाधान झालं, कंपनी बदलली, की सेवा बंद केली?"

"चूक तक्रारदाराची होती."

"असा पर्याय नाहीये, सर."

"मग तो असायला हवा."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पडदा परत स्वतःकडे वळवला. "बसा जरा. मी 'इतर' टाकते. 'इतर'मध्ये काहीही चालतं."

घरी आल्यावर उद्यासाठी मुद्दे लिहायला घेतले. पत्नीने खांद्यावरून वाचले, कागद काढून घेतला आणि चौघडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

"तिला तयार भाषण देऊ नका. आयुष्यात एकदा तरी बिनतयारीचं बोला."

रविवार, १ ऑक्टोबर

सहा वाजता फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"बुधवारी का नाही केलात?"

"जमलं नाही."

"आई म्हणाली, बरं नव्हतं."

"हो. तसंच."

नळ कसा आहे, मी विचारले. ठीक आहे म्हणाली. मग दोघेही थांबलो. ती वाट पाहत होती. आता मी ते वाक्य बोलेन आणि तिला बटण दाबावे लागेल, याची. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तयारीविना बोलायचे म्हणजे काय करायचे, हे मला खरोखरच माहीत नव्हते.

"बाबा?"

"आहे."

"आज त्याला मागितलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"आईनं सांगितलं?"

"नाही. कंपनीनं."

"कंपनीनं?" तिचा आवाज एकदम चढला. "कुठल्या कंपनीनं?"

"फोनच्या. मी तक्रार केली होती. कॉल तुटतात म्हणून. सात पानी. त्यांनी माणूस पाठवला, मोजमाप करायला. त्यांच्या कागदावर येतं, फोन कुठल्या बाजूनं बंद झाला ते."

ती हसायला लागली. मी आधी घाबरलो. ते हसणे कोणत्या जातीचे आहे हे कळेना. "सात पानी," ती म्हणत होती, "सात पानी, अरे देवा. मी बटण दाबत होते, आणि हे टॉवर तपासतायत!" मग हसता हसता ती रडली. मी फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिलो. पत्नी दारात येऊन थांबली होती.

"नववा ना?" मुलगी म्हणाली. "आक्षेप. नववा. मला पाठ आहेत सगळे. बरोबर होतात तुम्ही. म्हणा एकदा. म्हणून टाका म्हणजे संपेल."

मी खोटे बोलू शकलो नसतो. तिने ते ओळखले असते.

"निष्कर्ष खरा निघाला," मी म्हणालो. "पण निष्कर्ष खरा निघाला म्हणजे युक्तिवाद बरोबर होता असं होत नाही. मी तेव्हा त्याला ओळखतच नव्हतो. मी नुसता त्याचा धंदा बघून लिहिलं होतं. आंधळ्यानं मारलेला खडा लागला, एवढंच. आणि मधली वर्षं मी पाहिली आहेत. ती खोटी नव्हती. माझं दुसरं पत्र चुकलेलं नाही."

मी पुढे म्हणालो, "मला त्याची आठवण येते. तुझ्याइतकी नसेल. पण येते."

"मला माहितीय," ती म्हणाली. "म्हणून तर सांगवेना. तुम्हाला एक माणूस मिळाला होता वाद घालायला. तो पण माझ्यामुळेच गेला असं वाटायचं."

हे माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हते. मी खाली बसलो.

जरा वेळाने ती सावरली. म्हणाली, "त्याचं सगळं सामान गेलं. टेबल मी विकलं. पण ते पत्र अजून भिंतीवर आहे, बाबा. आई म्हणते काढून ठेव, बघून त्रास होतो. मी दोनदा स्टुलावर चढले. काढलं नाही, कारण ते—"

तुटला.

मी फोनकडे पाहत राहिलो. सहा वाजून तेवीस मिनिटे. मी काही विचारले नव्हते. त्याला फोनवर मागितलेही नव्हते. तरी तिने बटण दाबले? माझ्या बोलण्यात काय होते? आठवून पाहू लागलो, एकेक वाक्य. सवयीने वही ओढली आणि तिचे शेवटचे वाक्य लिहिले, जिथे तुटले तिथपर्यंत. मग परत लावायला मन धजेना. पत्नीने हात पुढे केला, "द्या इकडे, मी लावते," तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी नाही कापला!" ती धापा टाकत होती. "शपथ! खरंच नेटवर्क गेलं, मी गॅलरीत पळत आलेय. मी नाही कापला."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"कसं माहीत? पुरावा काय?"

"काही नाही."

"बरं," म्हणाली, आणि मग, "मी काय सांगत होते?"

मी वहीतून वाचून दाखवले: "'मी दोनदा स्टुलावर चढले. काढलं नाही, कारण ते—'"

"तुम्ही लिहून घेतलंत?"

"सवय आहे."

पलीकडे रस्त्यावरची वाहने ऐकू येत होती. मग तिने वाक्य पुरे केले.

"कारण ते त्याच्याबद्दल नव्हतंच, बाबा. एकदा, एकदाच तुम्ही माझं म्हणणं मान्य केलं होतंत. ते आहे ते."

कॉल त्यानंतर एकेचाळीस मिनिटे चालला. काय बोललो ते मी लिहिलेले नाही.